ऑकलंड, १९९८: चार केबली आणि त्यांच्याभोवतीची माती

१९९८ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाची जवळजवळ सगळी वीज ११० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) चार भूमिगत केबलींमधून येत होती. दोन केबली माउंट रॉस्किलहून लिव्हरपूल स्ट्रीट सबस्टेशनला जात. त्या गॅसभरित होत्या, म्हणजे कागदी इन्सुलेशनमध्ये दाबाखाली वायू भरलेल्या, आणि बऱ्याच जुन्या. उरलेल्या दोन पेनरोजहून क्वे स्ट्रीट सबस्टेशनला जाणाऱ्या तेलभरित केबली. वितरण मर्क्युरी एनर्जी या कंपनीकडे होते.

जानेवारीच्या उत्तरार्धात एक गॅस-केबल बंद पडली. ९ फेब्रुवारीला तिची जोडीदार गेली. कंपनीने ग्राहकांना वापर कमी करण्याची विनंती केली आणि शहर उरलेल्या दोन तेल-केबलींवर चालू ठेवले. १९ फेब्रुवारीला त्यांतली एक गेली. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, शेवटचीही गेली. पुढचे पाच आठवडे तो भाग जनरेटर आणि तुटपुंज्या पर्यायी जोडण्यांवर कसाबसा चालला. तिथे काम करणाऱ्या सुमारे ७४,००० लोकांपैकी ६०,००० जणांना घरून किंवा दुसऱ्या ठिकाणाहून काम करावे लागले. रेल्वेमार्गाच्या कडेने घाईने उभारलेली तात्पुरती ११० केव्ही ओव्हरहेड लाइन मार्चअखेर चालू झाली, तेव्हा कुठे परिस्थिती मार्गावर आली.

सरकारने ह्यू रेनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. नियोजन, देखभाल, जोखमीचा अंदाज अशा अनेक गोष्टींवर त्या चौकशीत बोट ठेवले गेले. त्यातली एकच गोष्ट इथे उकलून पाहायची आहे, कारण ती प्रत्येक भूमिगत फीडरला, म्हणजे सबस्टेशनहून वीज वाहून नेणाऱ्या मुख्य केबलला, लागू पडते, मग तो ११० केव्हीचा असो वा ११ केव्हीचा. या केबली जेवढा भार वाहतील असे कागदावर धरले होते, तेवढा त्या प्रत्यक्षात वाहू शकत नव्हत्या. भोवतालच्या मातीची औष्णिक रोधकता, म्हणजे उष्णतेला अडवण्याचा गुण, हिशेबात धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त होती.

रेटिंग केबलचे नसते, चराचे असते

केबलमधून प्रवाह गेला की तारेच्या विद्युतरोधामुळे उष्णता तयार होते. ती इन्सुलेशन, आर्मर (धातूचे कवच), बाहेरचे आवरण आणि मग माती ओलांडून जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते. वाटेतला प्रत्येक थर तिला अडवतो. तारेचे तापमान ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ न देता जेवढा प्रवाह नेता येतो, तेवढे त्या केबलचे रेटिंग. एक्सएलपीई (एक प्रकारचे पॉलिथिलीन) इन्सुलेशनसाठी ही मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे. तेल आणि कागदाच्या केबलींसाठी साधारण ८५ अंश धरतात.

या वाटेत सगळ्यात मोठा अडसर मातीचा असतो. आपल्याकडच्या नेहमीच्या केबलवर आकडे मांडून पाहू. ११ केव्ही, तीन कोअर (एका केबलमध्ये तीन तारा), ३०० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियम, एक्सएलपीई. बाहेरचा व्यास ८० मिमी धरू, खोली ९०० मिमी. भारतीय कॅटलॉगमधली रेटिंग साधारणपणे जमिनीचे तापमान ३० अंश आणि मातीची रोधकता १.५ केल्विन-मीटर प्रति वॅट धरून काढलेली असतात. ३७० अँपिअरला ९० अंश गरम झालेल्या तारांतून प्रत्येक मीटरमागे तिन्ही फेज मिळून सुमारे ५३ वॅट उष्णता निघते. मातीचा उष्णतेला होणारा रोध काढण्याचे सूत्र सोपे आहे: रोधकतेला ६.२८ ने भागायचे आणि (४ × खोली ÷ व्यास) या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणायचे. इथे ४ × ९०० ÷ ८० म्हणजे ४५, त्याचा लॉगॅरिदम ३.८१, म्हणून मातीचा रोध ०.९१. त्याला ५३ ने गुणले की एकट्या मातीत ४८ अंशांची वाढ होते. केबलच्या आतले सगळे थर मिळून जेमतेम ११-१२ अंश घेतात. ३० + ४८ + १२ म्हणजे ९०. कॅटलॉगचा आकडा जुळला.

आता यातली फक्त माती बदलू. रोधकता १.५ ऐवजी २.५ धरली, तर तीच केबल त्याच खोलीवर २९८ अँपिअरच नेऊ शकते, म्हणजे जवळजवळ २० टक्के कमी. कोणी कॅटलॉग पाहून ३७० चालूच ठेवले, तर साध्या हिशेबाने तारेचे तापमान १२२ अंश येते. पण तार तापली की तिचा विद्युतरोधही वाढतो, उष्णता आणखी निघते, आणि हा फेरा धरून हिशेब पुन्हा पुन्हा केला की आकडा १३५ अंशांच्या आसपास थांबतो. अशा तापमानाला ट्रिप होत नाही (पुरवठा आपोआप तुटत नाही) आणि रिले, म्हणजे संरक्षक उपकरण, काही सांगत नाही, कारण रिले प्रवाह पाहतो आणि प्रवाह ‘मर्यादेत’ असतो. इन्सुलेशनचे आयुष्य मात्र झपाट्याने घटते, केबलचे तुकडे जोडणाऱ्या जॉइंटमधले थर सुटू लागतात, आणि केव्हातरी एका जॉइंटला फॉल्ट येतो. मग अहवालात ‘जॉइंटिंगचा दोष’ असे लिहिले जाते. हे निदान नेहमीच खोटे नसते, पण पुष्कळदा अर्धवट असते. केबलची तार तापली की लांबीत वाढायला पाहते. तांब्याची एक किलोमीटर तार ५० अंशांनी तापली तर मोकळी असताना ८५ सेंमी वाढेल, अॅल्युमिनियमची सुमारे ११५ सेंमी. जमिनीत ती मोकळी नसते, म्हणून हा सगळा जोर जॉइंटवर येतो आणि रोजच्या चढउताराबरोबर तो जॉइंट पुढे-मागे रेटला जातो.

माती वाळते तेव्हा

रोधकता हा मातीचा कायमचा गुण नाही. ओल्या मातीत कणांमधल्या फटी पाण्याने जोडलेल्या असतात आणि उष्णता त्या पाण्यातून सहज पुढे जाते. पाणी गेले की तिथे हवा येते, आणि माती केबलभोवती गोधडीसारखी बसते. ओली असताना १ च्या आसपास असलेली वाळू पूर्ण कोरडी झाल्यावर २.५, ३ किंवा त्याहूनही वर जाते.

आणि माती केवळ उन्हाने वाळत नाही, केबलच तिला वाळवते. केबलच्या बाहेरच्या आवरणाचे तापमान ५० ते ६० अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिले, की जवळच्या मातीतला ओलावा वाफेच्या रूपाने दूर सरकू लागतो. वाळलेल्या थरामुळे केबल आणखी तापते, थर आणखी जाड होतो. आता वरचा हिशेब पुन्हा पाहा: ३० + ४८ म्हणजे पूर्ण रेटिंगला बाहेरच्या आवरणाचे तापमान ७८ अंश. म्हणजे कॅटलॉगचे रेटिंग ज्या १.५ च्या मातीवर उभे आहे, ती माती त्याच रेटिंगवर अखंड चालवल्यास १.५ ची राहणारच नाही. भूमिगत केबलींबद्दल इतकी महत्त्वाची आणि इतकी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नसेल. निवासी फीडर यातून निभावतात, कारण त्यांचा भार संध्याकाळी चढतो आणि रात्री उतरतो. माती दिवसाच्या सरासरी उष्णतेला उत्तर देते, शिखराला नाही. चोवीस तास सारखा भार असणाऱ्यांना ही सवलत नाही: डेटा सेंटर, शीतगृह, पाणीपुरवठ्याचे पंप. आवरण ५० अंशांच्या आत ठेवायचे, तर वरच्या केबलवर अखंड भार सुमारे २५० अँपिअरच चालेल. नवी मुंबईत डेटा सेंटरची संख्या वाढते आहे. तिथल्या फीडरला निवासी फीडरचे मोजमाप लावणे धोक्याचे आहे.

ऑकलंडमध्ये १९९७-९८ चा उन्हाळा एल निन्योचा होता, असाधारण गरम आणि कोरडा. दक्षिण गोलार्धात जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा. एअर कंडिशनिंगमुळे व्यापारी भागाचा भार चढलेला, आणि नेमकी त्याच वेळी जमीन सुकलेली.

चार केबली, पण हवामान एकच

नियोजनात ‘एक गेली तरी चालेल’, ‘दोन गेल्या तरी चालेल’ असा हिशेब करतात. तो हिशेब प्रत्येक केबलचे बिघाड एकमेकांशी असंबद्ध आहेत असे धरतो. यांत्रिक इजा, म्हणजे कोणाच्या जेसीबीचा दात लागणे, यासाठी ते बरोबर आहे. उष्णतेसाठी ते साफ चूक आहे. कोरडा उन्हाळा चारही केबलींना एकदम लागतो. मातीची रोधकता चारही मार्गांवर कमी धरली असेल, तर चारही रेटिंग एकदम फुगलेली असतात. आणि एक केबल गेली की तिचा भार उरलेल्यांवर येतो. चार सारख्या केबली प्रत्येकी ६० टक्के भारावर आहेत असे समजा. दोन गेल्या तर उरलेल्या दोघींवर १२० टक्के. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती आधी पूर्ण रेटिंगच्या ३६ टक्के होती, आता १४४ टक्के. ऑकलंडमध्ये भारवाटणी इतकी सरळ नव्हती आणि मागणीही कमी केली गेली होती, पण दिशा हीच.

या प्रकरणातले तारखांचे अंतर म्हणून बारकाईने पाहण्यासारखे आहे. जमिनीची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता प्रचंड असते. वरच्या ११ केव्ही केबलसाठी, मध्यम ओल्या मातीत, भार एकदम वाढवला तर मातीतली तापमानवाढ पहिल्या दिवसात अंतिम आकड्याच्या ५४ टक्क्यांपर्यंत जाते, आठवड्यात ७९ टक्क्यांपर्यंत, महिन्यात ९३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ‘कालपासून जास्तीचा भार घेतेय, काही झाले नाही’ या वाक्याला काहीच अर्थ नाही. खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते. ऑकलंडमध्ये दुसरी केबल गेल्यापासून तिसरी जाईपर्यंत दहा दिवस गेले. इतक्या दिवसांत मातीने नव्या भाराचे बहुतेक तापमान गाठलेले असते.

पाइप आणि हवेची पोकळी

उष्णता अडण्याचा हा प्रश्न आपल्याकडे मोठा, कारण रस्ता ओलांडताना आणि शहरात सर्रास पाइपमधून केबल ओढतात. पाइपमध्ये केबल आणि भिंत यांच्यात हवा असते. तीच ८० मिमीची केबल आतून १४० आणि बाहेरून १६० मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपमध्ये घातली, तर हवेच्या पोकळीचा रोध ०.३५ च्या आसपास येतो, पाइपच्या भिंतीचा ०.०७. रेटिंग ३७० वरून ३३३ वर येते. रस्त्याखालून एचडीडी, म्हणजे रस्ता न खोदता आडवे ड्रिलिंग, करताना पाइप ४ मीटर खोल गेला, तर त्याच मातीत ते २९७ होते. खोलवर जमीन थंड आणि ओली असते, त्यामुळे थोडे परत मिळते, पण ते मोजून घ्यायचे, गृहीत धरायचे नाही. दहा किलोमीटरच्या फीडरवर असा २० मीटरचा तुकडा असेल, तर फीडरचे रेटिंग त्या २० मीटरचे.

पोकळी बेंटोनाइट (एक चिकणमाती), वाळू आणि सिमेंटच्या पातळ ग्राउटने (ओतायच्या लगद्याने) भरली आणि त्याची रोधकता १ च्या आसपास ठेवली, तर पोकळीचा रोध ०.३५ वरून ०.०९ वर येतो आणि ९०० मिमी खोलीवर पूर्ण ३७० अँपिअर परत मिळतात. दोन्ही टोके नीट सील केली नाहीत तर ग्राउट वाळून आकसतो आणि पोकळी पुन्हा तयार होते. ग्राउट भरल्यावर केबल ओढून काढता येत नाही, हे मालकाला आधी सांगावे.

एक चूक मात्र कोणत्याही ग्राउटने भरून निघत नाही: सिंगल कोअर केबलचा एकच फेज लोखंडी किंवा जीआय (जस्त चढवलेल्या) पाइपमधून नेणे. भोवतालच्या लोखंडात भोवरा-प्रवाह (लोखंडात गोल फिरणारे प्रवाह) आणि हिस्टेरिसिसमुळे (चुंबकत्व सारखे उलटण्यात वाया जाणाऱ्या ऊर्जेमुळे) पाइप स्वतःच तापतो. तिन्ही फेज एकाच पाइपमधून न्यावेत, नाहीतर पाइप बिनचुंबकीय असावा. ग्लँड प्लेटलाही, म्हणजे केबल पॅनेलमध्ये शिरते त्या पत्र्यालाही, हाच नियम.

एका चरात दोन केबली चिकटून टाकल्या तर प्रत्येकीला साधारण ०.८ ने गुणा, तीन असतील तर ०.७ ने. महापालिकेने एकदा खोदायची परवानगी दिली म्हणून त्याच चरात चौथी, पाचवी केबल टाकली जाते, आणि आधीच्या तिघींचे रेटिंग कोणी पुन्हा काढत नाही.

काळी माती, मुरूम आणि मोजणी

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात केबलसाठी उत्तम असते आणि मे महिन्यात वाईट. ती आकसते, भेगा पडतात, आणि भेग केबलपर्यंत पोहोचली तर आवरणाला माती चिकटलेलीच राहत नाही. मुरूम पाणी धरत नाही. भरावाची जमीन, जिथे विटांचे तुकडे आणि राडारोडा आहे, ती सर्वांत बेभरवशाची.

म्हणून मोजणी करायची ती थर्मल नीडल प्रोबने (मातीत खुपसून रोधकता मोजणाऱ्या सुईने), केबलच्या खोलीवर, दर ५०० ते १००० मीटरला आणि माती बदलते तिथे प्रत्येक वेळी. मे महिन्यात. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा फसवा असतो. जागेवर मोजलेला एकच आकडा पुरत नाही. नमुना प्रयोगशाळेत नेऊन पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत रोधकता कशी बदलते याचा आलेख काढून घ्यावा. आलेख ज्या ओलाव्याखाली एकदम उसळतो, तो ओलावा उन्हाळ्यात टिकतो का, एवढाच प्रश्न मग उरतो.

माती वाईट निघाली तर संपूर्ण चर बदलावा लागत नाही. या केबलच्या बाबतीत मातीतल्या एकूण रोधाचा जवळपास निम्मा भाग केबलपासून २० सेंटिमीटरच्या आत असतो. तेवढाच भाग चांगल्या मालाने भरायचा. १४ भाग वाळू आणि १ भाग सिमेंट, आकारमानाने, किंचित ओले करून, १०० ते १५० मिमीच्या थरांत धुमसून. नीट दाबले तर हे मिश्रण पूर्ण कोरडे झाले तरी १.२ च्या आसपास राहते. ४५० मिमी रुंद आणि ४०० मिमी उंच पट्ट्यासाठी १०० मीटरला दाबलेले १८ घनमीटर लागते, म्हणजे सैल २२ घनमीटर आणि सिमेंटच्या सुमारे ४२ गोण्या. २.५ च्या मातीत असा पट्टा घातला की रेटिंग २९८ वरून ३३५ वर येते.

वाळू मात्र एकाच जाडीची नको. चाळलेली नदीची वाळू दिसायला सुंदर असते, पण तिच्या कणांमधल्या फटी मोठ्या राहतात आणि ती लवकर वाळते. लहान-मोठे कण आणि थोडी भुकटी असलेला माल जास्त घट्ट बसतो. खडीक्रशरची कच त्यासाठी तपासून घ्यायला हरकत नाही. खोदलेलाच राडारोडा वर लोटून चर बुजवला, तर बिलात वाळू असते आणि केबलभोवती नसते. इंजिनियरने चर बुजवताना हजर राहणे हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय आहे.

ऑकलंडने पुढे पेनरोज ते हॉब्सन स्ट्रीट असा सुमारे ९ किलोमीटरचा बोगदाच खणला. तो २००१ मध्ये पूर्ण झाला. बोगद्यात उष्णता हवेला दिली जाते आणि हवा बदलता येते.

एक फीडर गेल्यावर उरलेल्याचे काय करायचे

जोडीतली एक केबल गेली की त्याच दिवशी उरलेल्या केबलच्या सर्वांत वाईट जागी, म्हणजे पाइपचे तोंड, केबलींची गर्दी किंवा भराव असेल तिथे, खड्डा करून बाहेरच्या आवरणावर पीटी-१०० तापमान-सेन्सर बांधावा आणि तोच माल भरून खड्डा पुन्हा दाबून बुजवावा. उघडा ठेवलेला खड्डा खोटे तापमान दाखवतो. आवरणात ऑप्टिकल फायबर असेल तर डीटीएसने (त्या फायबरमधून तापमान मोजणाऱ्या यंत्रणेने) संपूर्ण लांबीचे तापमान मिळते, मग खड्ड्याची गरज नाही. प्रवाहाची मर्यादा कोरड्या मातीच्या आकड्याने ठरवावी, ओल्याच्या नाही.

रोज एकाच वेळी तापमान आणि आदल्या चोवीस तासांचा सरासरी प्रवाह लिहावा. भार स्थिर असेल तर रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा कमी व्हायला हवी: पहिल्या दिवशी मोठी, मग उतरत जाणारी. भार तोच असूनही वाढ पुन्हा मोठी होऊ लागली, किंवा आवरण ५० अंश ओलांडून चढतच राहिले, तर माती वाळायला लागली आहे. त्या क्षणी एक चतुर्थांश भार काढावा, आणि तापमान उतरायला लागेपर्यंत तो परत देऊ नये. वरून पाणी शिंपडून भागत नाही. ९०० मिमी खाली ते वेळेत पोहोचत नाही, आणि काळ्या मातीत ते भेगांतून भलतीकडेच जाते.